ठेवणीतला पट्टा

सूरज नवाकोरा पट्टा आधी गटारात बुडवतो, मग बाहेर काढून बुटाखाली रगडतो आणि मगच समोर उभ्या असलेल्या बाईच्या हातात देतो. हे सगळं तो माझ्या दुकानाच्या पायरीवर करतो, भर बाजाराच्या दिवशी, आणि तो पट्टा मी डोळे फोडून शिवलेला असतो. सुरुवातीला माझं टाळकंच फिरायचं. एकदा मी त्याची गचांडी धरली, त्यानं मला शटरवर आदळलं, माझा ओठ फुटला आणि शेजारच्या चहावाल्यानं मध्ये पडून आम्हाला सोडवलं.

लोक म्हणतात, मोठमोठ्या कंपन्यांत राहून आला आणि डोक्यावर परिणाम झाला. लोकांचं काय जातं बोलायला? मला राग येतो तो याचा की बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या बायका तोच पट्टा गळ्यात घालून कांदा खुरपायला जातात.

माझं नाव अजीज. पुणे-नाशिक रस्त्याला कळंबमध्ये माझं सीट कव्हरचं दुकान आहे. ट्रॅक्टर, पिकअप, जीप, जे येईल त्याला रेक्झिन चढवतो. सूरज शाळेत माझ्या बाकावरचा. त्याचं घर पारगावच्या अंगाला, चहूकडून उसात बुडालेल्या मळ्यात. वडील गेणभाऊ, दिवसाकाठी चार शब्द बोलले तर खूप. त्यांच्या वाटणीचं बोलणं आई कुशाबाई करायची, आणि तेही शिव्यांसकट. मी त्यांच्या दारात गाडी लावली की आतून आवाज यायचा, "आला का मुडदा! हात धू, भाकरी खा."

सूरजचा हात लहानपणापासून चालायचा, वस्तूंवर आणि पोरांवरही. कोयत्याची मूठ आईच्या तळहाताला फोड आणते म्हणून त्यानं सायकलची ट्यूब कापून मुठीला गुंडाळली. एका पोरानं ती ट्यूब उचकटून बेचकी केली, तेव्हा सूरजनं त्याचा दात पाडला. मास्तरांनी सूरजला झोडपलं. दुसऱ्या दिवशी त्यानं परत ट्यूब गुंडाळली, या वेळी आतून तार घालून.

पुढे त्यानं अवसरीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात डिझाइनचा कोर्स केला आणि तो प्रॉडक्ट डिझायनर झाला. म्हणजे वस्तू कशी असावी हे ठरवणारा. बनवणारा दुसरा, विकणारा तिसरा, आणि ती उसवली की गिऱ्हाइकाच्या शिव्या खाणारा चौथा, तो बहुतेक माझ्यासारखा. असं मी त्याला चिडवायचो आणि तो हसायचा.

पहिली नोकरी पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये. ते पाण्याची बाटली बनवत होते. माणसानं पाणी प्यायला हवं हे त्याला सांगायला बाटलीला दिवा! मालक सूरजपेक्षा लहान. पैसे लावणारे पाहुणे आले त्या दिवशी बाटली गळली आणि मालकानं ती सगळ्यांसमोर सूरजच्या तोंडावर फेकून मारली. भुवई फाटली. रविवारी टाके घेऊन गावी आला तेव्हा कुशाबाई त्या मालकाच्या सात पिढ्या काढत होती आणि हा म्हणत होता, "आई, स्टार्टअपमधी असंच असतंय."

मग बंगळूर. दुसरी स्टार्टअप, घरपोच जेवण देणाऱ्या पोरांसाठी हेल्मेट बनवणारी. सूरजनं हेल्मेट चांगलं केलं होतं. मालकाला ते हलकं हवं होतं, म्हणून त्यानं सूरजला न विचारता आतला फोम निम्म्यावर आणला. एक पोरगा डिव्हायडरवर आदळला आणि हेल्मेटसकट त्याचं डोकं फुटलं. सूरज शवागाराच्या दाराशी जाऊन ते हेल्मेट पाहून आला. तिथून थेट ऑफिसात गेला आणि मालकाचं नाक फोडलं. फोडलं म्हणजे खरंच फोडलं, काचेच्या टेबलावर तोंड आपटून. प्रकरण पोलिसांत गेलं, मिटलं, पण वर्षभर त्याला कुणी दारात उभं केलं नाही.

शेवटी घेतलं एका फार मोठ्या कंपनीनं, मनगटावरची घड्याळं बनवणाऱ्या. घड्याळ मोठी माणसं करायची, याच्याकडं घड्याळाचा पट्टा. त्यातही नुसतं बक्कल. एका हातानं लावता यावं आणि ओढलं तरी सुटू नये, असं बक्कल करण्यात त्यानं तिथली सगळी वर्षं घालवली. मी म्हणालो, "राव, एवढ्या दिवसांत मी अख्ख्या तालुक्याच्या गाड्या शिवल्या." पण बक्कल झालं होतं भारी. लावलं की टक्‌ असा आवाज यायचा आणि बसायचं.

त्या कंपनीत एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली. वस्तू कामाची आहे म्हणून माणूस ती अंगावर ठेवत नाही. देखणी असली, मिरवावीशी वाटली, तरच ती अंगावरून उतरत नाही. हे तो मला इतक्यांदा ऐकवायचा की मी कानावर हात ठेवायचो.

तिथं कुणी कुणावर बाटली फेकत नव्हतं. तिथली मारायची रीत वेगळी. एका सकाळी गेटवर त्याचं कार्ड चालेना. शेकडो लोकांना एकाच दिवशी काढलं होतं. सूरजनं काचेच्या दाराला लाथ घातली, सिक्युरिटीवाल्यांनी हात पिरगाळून त्याला फुटपाथवर पालथा पाडला, आणि दिवाळीच्या तोंडावर तो गुडघे सोललेली पँट घालून मळ्यावर परत आला. कुशाबाईनं पँट काढायला लावली आणि शिवायला माझ्याकडं पाठवून दिली.

कारखाना सुरू झाला, ऊसतोड लागली. ऊस कमी होत जातो तसा बिबट्या उघड्यावर येतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सूरजची चुलती साळुबाई भर दुपारी बांधावर गवत कापत होती. वाकलेली. बिबट्यानं मागून झेप घेतली आणि मान धरली.

सूरज घरातून धावत गेला, सगळ्यांच्या आधी पोचला. साळुबाईची टाच जमीन खरवडत होती. ढेकळं मारली, आरडाओरडा केला तेव्हा बिबट्या सोडून उसात गेला, पण तोवर मानेत काही उरलं नव्हतं. डोकं एका बाजूला लोंबत होतं आणि तिच्या मुठीत कापलेलं गवत तसंच होतं.

मग लोक जमले आणि लोकांच्या अंगात आलं. वनखात्याची गाडी आली तिच्या काचा फोडल्या. एक नवखा गार्ड हात जोडून काहीतरी सांगत होता, त्याला खाली पाडून तुडवला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण पहिला दगड कुणी मारला माहीत आहे? सूरजनं. मी पाहिलं. मीच त्याला मागून कव घालून ओढला, तर त्यानं माझ्या बरगडीत कोपर घातलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. डोळे सुजलेले.

"आज्ज्या, त्यो उभ्या माणसाला धरत न्हाई," तो म्हणाला. "वाकलेल्याला धरतोय. आन् मानच धरतोय. वाकतंय कोन? आपल्या बायाच वाकत्यात."

"मग?"

"मग मान झाकायची. आमची म्हातारी सकाळपास्नं सांजपातुर वाकलेलीच असती. उद्या तिची मान त्याच्या तोंडात नको मला."

त्याला बाकी काही नको होतं. आईची मान वाचवायची होती. बिबटे, वनखातं, सरकार, सगळं त्यानं बाजूला सारलं आणि माझं मशीन ताब्यात घेतलं.

पहिला पट्टा एका दिवसात झाला. जाड रेक्झिन, त्यातून बाहेर आलेले खिळे. मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात घालतात तसाच. आम्ही तो घेऊन मळ्यावर गेलो. कुशाबाईनं हातात घेतला, फिरवून पाहिला आणि तिचा चेहरा पालटला.

"मेंडक्याच्या कुत्र्याला असला पट्टा असतोय," ती म्हणाली. "मला कुत्री केलीस व्हय रं?"

"आई, ऐक तर..."

ऐकायला ती थांबलीच नाही. तोच पट्टा तिनं फाडकन त्याच्या तोंडावर मारला. खिळ्यांनी गालावर चार ओरखडे उमटले, रक्त हनुवटीवर आलं. रक्त पाहून ती स्वतःच रडायला लागली, हळद आणायला आत पळाली आणि पळता पळता ओरडत होती, "न्हाई घालायची! मेले तरी न्हाई घालायची!"

परतताना सूरज गालावर हळद घेऊन माझ्या मागं गाडीवर बसला होता आणि चक्क खूश होता. म्हणाला, "चूक तिची न्हाई. वस्तू वंगाळ हाय. देखणी पायजे."

मग आम्ही देखणी वस्तू करायला घेतली. आत मऊ सुती कापड. त्यावर पोलादाची पातळ पट्टी, तिला बाहेरच्या बाजूनं खिळे. खिळ्यांवर जाड फोम, इतका की टोकं फोमच्या जरा खालीच राहावीत. हात फिरवला तर काही लागायचं नाही, पण दात रुतले की फोम दबणार आणि खिळे टाळूत घुसणार. सगळ्यात वर हिरव्या लुगड्याचा जरीकाठ, त्यावर ठुशीसारखे पितळी मणी. मागं तेच एका हातानं लागणारं बक्कल. तो पट्टा शिवून झाला तेव्हा मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. असं काम माझ्या हातून पुन्हा होणार नाही.

चालतो की नाही हे पाहायची संधीही मिळाली. साळुबाईच्या बांधावर लावलेल्या पिंजऱ्यात एक बिबट्या अडकला. वनखात्याची माणसं वाटेत होती तोवर दोन-तीनशे लोक पिंजऱ्याभोवती जमले. शिव्या, ढेकळं, काठ्या. बिबट्या गजांवर धडका मारून कपाळ फोडून घेत होता. सूरज गर्दीतून पुढं झाला. तसाच दुसरा, मण्यांविना शिवलेला पट्टा त्यानं केळीच्या खुंटाला गुंडाळला होता आणि खुंट बांबूला बांधला होता. तो त्यानं गजांमधून आत सारला.

बिबट्यानं झडप घातली आणि मान धरावी तसा खुंट धरला. पुढच्याच क्षणी असा ओरडला की पुढची रांग एकमेकांच्या अंगावर पडली. खुंट सोडून तो कोपऱ्यात गेला, तोंडातून रक्ताची धार लागली होती, पंजानं जबडा पुसत होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. सूरजनं बांबू बाहेर ओढला आणि उकिडवा बसून कुठला खिळा वाकला ते पाहू लागला. बोटं रक्तानं भरली होती आणि चेहऱ्यावर आनंद होता. मला त्याचा तो आनंद आवडला नाही, पण पट्टा चालत होता हे खरं.

कुशाबाईला पट्टा दिला तेव्हा तिनं तो आधी कपाळाला लावला. मग आरशासमोर गेली, एका हातानं बक्कल लावलं. टक्‌. मान इकडं वळवली, तिकडं वळवली.

"आगं बया," ती म्हणाली, "ह्ये तर लई झ्याक हाय."

सूरजनं माझा हात इतका दाबला की बोटं मोडतील असं वाटलं.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला कुशाबाई पट्टा घालून गेली आणि साऱ्या वस्तीत बोलबाला झाला. साळुबाईची सून वृषालीनं मोबाइलवर फोटो काढून सूरजला पाठवला: आई मधोमध बसलेली, ताठ मानेनं, गळ्यात पट्टा, ओटीत तिळगूळ. सूरज तो फोटो ज्याला त्याला दाखवायचा. पुण्याच्या कंपन्यांना पाठवला, बंगळूरच्या जुन्या सोबत्यांना पाठवला. पट्ट्यांची मागणी यायला लागली तसा तो दिवसभर माझ्याच दुकानात राबायला लागला. अंधारात निघायचा, अंधारात परतायचा. आईला कामावर असताना पाहायची वेळच त्याच्यावर आली नाही. फोटो मात्र रोज पाहायचा.

रथसप्तमी दोन दिवसांवर असताना, दुपारी वृषालीचा फोन आला. ती बोलत नव्हती, किंचाळत होती. कांद्याच्या वाफ्यातून कुशाबाईला ओढून नेलं होतं.

मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. मागून सूरज एकच म्हणत होता, "पट्टा हाय. आज्ज्या, पट्टा हाय ना. सोडल त्यो. सोडलंच." मीही म्हणत होतो, सोडेल, सोडेल.

मळ्यावर ऊसतोडीवाले डबे बडवत होते. गेणभाऊ उसाच्या तोंडाशी काठी आपटत उभे होते, धोतर फाटलेलं. सूरजनं एका तोडकऱ्याच्या हातचा कोयता हिसकावला आणि तो आत घुसला. मी गाडीला अडकवलेली टॉमी, चाकं खोलायची लोखंडी कांब, घेऊन मागं.

ती पाचटावर पडली होती. बिबट्यानं मान सोडली नव्हती. आम्हाला पाहूनही सोडली नाही, नुसती गुरगुर वाढली. सूरज ओरडत अंगावर गेला आणि कोयता त्याच्या खांद्यात घातला. तेव्हा जनावर उलटलं. एका पंजात सूरजचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत उघडा झाला, मग दात मनगटात बसले. मी टॉमी घातली, कुठं लागली देव जाणे. सूरजनं डाव्या हातात कोयता घेऊन परत मारला, परत मारला. बिबट्या सुटला आणि पाचट लाल करत उसात निघून गेला. पुढं तो सापडला की मेला, मला माहीत नाही, आणि मला त्याची पर्वाही नाही.

सूरजनं आधी आईचा गळा पाहिला.

गळा उघडा होता. म्हणजे काळी पोत होती, तुटून लोंबणारी, आणि तिच्याखाली भोकं. त्यानं दोन्ही तळहातांनी ती भोकं दाबून धरली. त्याच्या दंडाचं रक्त तिच्या रक्तात मिसळत होतं. कुशाबाईचे डोळे त्याच्याकडं होते. ओठ हलले, पण वारा गळ्यातूनच गेला. बोटांमधून रक्त येत राहिलं आणि मग यायचं थांबलं.

गेणभाऊ मागून आले होते. सूरजनं मान वर न करता विचारलं, "पट्टा कुठाय?"

गेणभाऊ वाकून तिचा पदर सारखा करायला लागले.

"तात्या, पट्टा कुठाय?" तो इतक्या जोरात ओरडला की बाहेरचे डबे थांबले.

"ट्रंकंत हाय," गेणभाऊ म्हणाले. "ठेवणीतला हाय म्हनायची. मातीत नको, घामानं काठ जाईल. लग्नकार्याला घालीन म्हनायची."

आमच्या बायकांची ही रीत सूरजला ठाऊक नव्हती असं नाही. नवं लुगडं ट्रंकेत आणि फाटकं अंगावर, पाहुण्यांचे कप फळीवर आणि घरच्यांना कान तुटलेले, हे आमच्या घरीही तसंच. माझ्या अम्मीच्या पेटीत अजून न उलगडलेल्या चादरी आहेत. चांगली वस्तू आमच्याकडं वापरत नाहीत, जपतात. हे त्यानं आईच्या घरात राहून पाहिलं होतं आणि मोठ्या कंपनीत जाऊन विसरला होता. फोटोत ती रोज पट्टा घालून बसलेली दिसायची. शेतातला फोटो त्यानं कधी मागितला नाही.

सूरजच्या हाताला टाके घातले, आईचं शवविच्छेदन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी आणलं. सवाष्ण होती. बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. पण गळा झाकेना. पदर ओढला तरी टाके दिसत होते, आणि ते पाहून पोरीबाळी किंचाळत होत्या. तेव्हा वृषाली आत गेली आणि ट्रंकेतून पिशवी घेऊन आली. पिशवीत डांबरगोळ्या होत्या, जुन्या धोतराचं फडकं होतं आणि फडक्यात पट्टा. कोरा. एका मण्यावर हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं, तेवढंच.

सूरज उठला. टाके घातलेल्या हातानंच त्यानं वृषालीला ढकललं, ती भिंतीवर आदळली. पट्टा हिसकावून तो जमिनीवर आपटायला लागला. मणी उडाले. "आता कशाला? आता कशाला?" असं ओरडत होता. हाताचे टाके उसवले. मी आणि दोघा-तिघांनी धरला तरी आवरेना. त्याला आवरलं गेणभाऊंनी. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "दे हिकडं. तिची हौस हाय. घालू दे तिला."

सूरजनं पट्टा सोडला.

वृषालीनं तो कुशाबाईच्या गळ्यात घातला आणि मागून बक्कल लावलं. टक्‌ आवाज झाला. माप बरोब्बर बसलं होतं, एक टाका दिसत नव्हता. पोरी गप्प झाल्या. सूरज त्या गळ्याकडं बघत उभा होता आणि त्याच्या कोपरावरून रक्त सारवणावर पडत होतं. मला त्या क्षणी त्याचा एवढा राग आला होता आणि त्याची एवढी कीव येत होती की मी बाहेर जाऊन भिंतीवर डोकं टेकून रडलो. पट्ट्यासकट तिला जाळलं.

दहावं झालं आणि अकराव्या दिवशी सूरज दुकानात आला. मशीनवर एक पट्टा अर्धा शिवलेला पडला होता. त्यानं ब्लेडनं त्याचा काठ कापून टाकला, मणी खुडले आणि वर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं काळं रबर चढवायला लावलं. बक्कल तेवढं ठेवलं. शिवून झाल्यावर तो पट्टा घेऊन बाहेर गेला आणि गटारात घातला. तेव्हापासून हे चालू आहे. पुण्याहून एक कंपनीवाला आला होता, दोन रंगांत करू म्हणाला. सूरजनं त्याला पायरीवरून खाली ढकलला.

गेल्या बाजारी वृषाली आली होती. भिंतीवर आदळल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. तिनं पट्टा मागितला. सूरजनं तिच्यासमोरच तो गटारात बुडवला, रगडला आणि पुढं केला. तिनं दोन बोटांत धरला.

"शी! ह्ये काय दिलं भावजी? वास मारतोय. ह्ये घरात कुटं ठिवू?"

"घरात ठिवायचाच न्हाई," सूरज म्हणाला.

ती त्याला तोंडभर शिव्या देत राहिली. मग नाक मुरडून तिनं पदर सरकवला, चिखलाचा पट्टा गळ्यात घातला आणि तशीच मळ्याच्या वाटेला लागली.